थोरलीचा वाटा

किकुएच्या नजरेला अख्ख्या खोऱ्यात तोड नव्हती.

डोंगरातली बावीस उंबऱ्यांची वस्ती, सगळ्यांचं आडनाव एकच. त्यामुळे तिथं माणसं घराच्या नावानं ओळखली जातात. उतारावरचे, देवळामागचे, झऱ्यावाले. किकुए झऱ्यावाल्यांच्या घरात सून म्हणून आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. माहेर खाली सपाटीवर, भातवाल्या गावात. मासा म्हणजे मीठ लावून निखाऱ्यावर भाजायची वस्तू, एवढंच तिला ठाऊक. इथं बघते तर घरोघरी कोई जातीचे तांबडे-पांढरे शोभेचे मासे, आणि सासरा त्यांच्याकडं असा बघायचा की सुनेकडं एकदा बघायलाही त्याला सवड नसायची.

पहिल्याच जूनमध्ये सासऱ्यानं तिला निवडीला बसवलं. पुढ्यात पिल्लांचं टोपलं, हातात पांढरं चिनी मातीचं वाडगं आणि पळीएवढी जाळी. पिल्लू वाडग्यात घ्यायचं, पांढऱ्यावर त्याचा रंग बघायचा. ठेवायचं ते डावीकडं, टाकायचं ते उजवीकडं. एका मादीची लाखभर पिल्लं असली, तर थंडी पडेपर्यंत त्यातली शंभर-दोनशे राहायची. बाकीची सगळी उजवीकडं. शेजारपाजारच्या बायकांना वाटलं, पोरगी नवी आहे, पिल्लं मारताना रडेल. किकुए रडलीबिडली नाही. दोन दिवस तिनं मुकाट्यानं बघून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सासऱ्याच्या हातातली जाळी काढून घेतली.

"मामंजी, तुमी चांगली टाकताय आन भुरटी ठेवताय. जावा, च्या पिऊन या."

सासरा चहा प्यायला गेला तो परत निवडीला बसलाच नाही.

तिचा नवरा इवाओ अंगानं दांडगा आणि बोलायला कंजूष. बांध घालावा त्यानं, छपरावरचं बर्फ उतरवावं त्यानं. नजर मात्र बेताची. आणि एक खोड होती. त्याला चारचौघांत डोळ्यात पाणी आलेलं खपायचं नाही. आई गेली त्या दिवशी घरात माणसं जमलेली, आणि हा एकदम उठून म्हणाला, "फावडं बघून येतो." आणि गेला बर्फाची अवजारं ठेवायच्या खोपटामागं. थोरला भाऊ त्याच्या मागं निघाला, तर किकुएनं दारातच त्याला अडवलं. मग खोपटाच्या दिशेनं नुसता आवाज दिला, "सावकाश बघा." एवढंच. पन्नास वर्षांत असं पाच-सहा वेळा झालं असेल. दर वेळी फावडं, दर वेळी सावकाश बघा. त्यावर दोघं कधी एक शब्द बोलली नाहीत.

लेक साचिए शिकायला शहरात गेली त्या वर्षीची गोष्ट. घर रिकामं झालेलं, इवाओचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्यानं एक पिल्लू उजवीकडं फेकलं. किकुएनं मान वर न करता टाकलेल्या टबात हात घातला आणि शेकडो वळवळत्या पिल्लांतनं नेमकं तेच काढलं.

"अवो, डोळं घरी ठिवून आलायसा का?"

"पिवळट हाय ती."

"पिवळट न्हाई. उशिरा पिकनारी हाय. माझ्यावानी."

ती थोरली. मोठी झाल्यावर अंग पिठासारखं पांढरं, आणि पाठीवर लाकडी चपलेच्या ठशासारखा गच्च लाल डाग. पुढं व्यापारी यायचे, तळ्याच्या काठी उकिडवे बसायचे, थोरलीवर बोट ठेवायचे. किकुए त्यांना मुळ्याचं लोणचं वाढायची आणि म्हणायची, "ही घरातली हाय. दुसरी बघा."

मोठ्या भूकंपाच्या साली घरामागच्या तळ्याचा तळ दुभंगला आणि पाणी बघता बघता गेलं. माणसं जीव घेऊन वरच्या माळाकडं पळत होती. किकुएनं ओल्या रजईत थोरलीला गुंडाळलं, लेकरासारखं छातीशी धरलं आणि चढ चढून उतारावरच्या तामोत्सुच्या तळ्यात सोडलं. वाटेत कुठंतरी दगडाला घासलं. लाल डागाच्या मधोमध दोन खवली गेली ती पुन्हा लाल आलीच नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी खूण राहिली. किकुए म्हणायची, "तिला पन भूकंपाचा दाखला मिळाला."

त्याला वीस वर्षं झाली. इवाओ एकोणऐंशीचा झाला, किकुए सत्त्याहत्तरची. डोंगरातली तळी त्यांनी तामोत्सुला देऊन टाकली. घरामागं, वळचणीला लागून असलेलं तळं तेवढं ठेवलं. झऱ्याचं पाणी नळीनं त्यात पडायचं. अकरा मासे होते, आणि त्यांत थोरली.

मग किकुएचं विसरणं सुरू झालं. आधी भांड्यांची नावं गेली. मग शेजारणींची. एकदा साचिए सुट्टीला आली, तर किकुएनं तिला अदबीनं बसायला आसन दिलं आणि "कुठल्या गावच्या तुमी?" म्हणून विचारलं. साचिए न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. शरद संपता संपता इवाओची पाळी आली. एका सकाळी त्यानं तिच्यापुढं सुपाचा वाडगा ठेवला, तशी ती अंग चोरून म्हणाली, "पाव्हणं, तुमी कशाला तरास घेताय? आमचं मालक येतील आता."

त्या दिवसापासून तो पाव्हणा झाला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोचा.

थोरली मात्र तिच्या डोक्यातनं गेली नाही. रोज सकाळी किकुए अंगात बाह्यांची कापसाची बंडी चढवून तळ्याशी जायची आणि दोनदा टाळी वाजवायची. थोरली वर यायची, तिच्या तळव्याला तोंड लावायची. किकुएचा सगळा चेहरा तेव्हा जागच्या जागी बसल्यासारखा दिसायचा. इवाओ काठीला टेकून मागं उभा राहायचा. त्याच्याकडं ती बघायची नाही, पण निदान तो चेहरा तरी त्याला बघायला मिळायचा.

साचिएचा दर रविवारी फोन.

"आबा, बर्फ गेलं की आईला हिकडं आणते. घराजवळच वृद्धाश्रमात जागा मिळालीय. रात्रंदिवस माणसं असतात तिथं."

"तिथं तळं हाय का?"

"आबा, ती तुमास्नी तरी वळखते का?"

"थोरलीला वळखती. जवर थोरलीला वळखती तवर ती हितनं हलनार न्हाई."

"आन मासा मेला तर?"

"भूकंपात मेली न्हाई ती. आता काय मरतीया."

असं म्हणून त्यानं फोन ठेवला होता. बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही.

थंडीतलं मासे सांभाळणं म्हणजे खरं तर काही न करणं. आणि तेच सगळ्यात अवघड. ऑक्टोबरात दाणे कमी करत आणायचे, नोव्हेंबर अर्धा सरला की डबा बंद. पाणी गार पडलं की माशाच्या पोटातली चूल विझते. मग आत गेलेलं पचत नाही, तिथंच कुजतं आणि माशाला घेऊन जातं. म्हणून पाच महिने उपास. काठावर पाय आपटायचे नाहीत. बर्फाची साय धरली तर कुदळ मारायची नाही, गरम पाण्याचं भांडं ठेवून भोक पाडायचं. छपरावरचं बर्फ उतरवताना तळ्यात पडू द्यायचं नाही, झऱ्याची नळी तुंबू द्यायची नाही. खाली मासे दगडासारखे पडून असतात. त्यांना पडू द्यायचं.

हे सगळं घरात काटेकोर पाळायला लावलं होतं किकुएनंच. एकदा डिसेंबरात तालुक्याच्या कचेरीतला एक पाहुणा कौतुकानं बिस्किटाचा चुरा टाकायला लागला, तर बाईनं त्याला बांबू घेऊन फाटकापर्यंत हाकललं होतं. आणि आता तीच दिवसातनं दहा वेळा विचारायची.

"पाव्हणं, माश्यास्नी कुनी खायाला घातलं का?"

"उपास हाय."

"कुनाचा?"

"माश्यांचा."

"मग तुमी का बसलायसा मगाधरनं त्वांड धरून? तुमी तरी जेवा."

इवाओनं दाण्यांचा डबा देव्हाऱ्यामागं लपवला. तिनं शोधला. मग तो तांदळाच्या पिंपात, मग छपराच्या वाशाला टांगून. सकाळची टाळी वाजायची, पण थंडीत थोरली वर येत नव्हती. किकुए वाकून वाकून पाण्यात बघायची. "रुसलीया," म्हणायची. "कुनी काय बोललं का तिला?"

जानेवारीच्या मध्यावर छोटं नवं वर्ष आलं. त्या दिवशी गावात गवताचा नि बांबूचा उंच मनोरा पेटवतात आणि तांदळाच्या पिठाचे उकडलेले लाल-पांढरे गोळे फांद्यांना टोचून घरात बांधतात. मग ते उतरवून त्या जाळावर भाजायचे आणि घरातल्या प्रत्येकानं खायचे. खाल्लं की वर्षभर दुखणं येत नाही. म्हणून त्यात घरच्या प्रत्येकाचा वाटा असतो. दूरदेशी असलेल्याचासुद्धा काढून ठेवतात.

इवाओनं पीठ भिजवून पुढ्यात ठेवलं आणि किकुएचे हात आपोआप चालू लागले. गोळे असे एकसारखे झाले की बघत राहावं. त्यानं फांदीला टोचून दिले, तिनं माळ बांधल्यासारखी फांदी वाकवून खांबाला बांधली. दुपारी शेतातला जाळ झाला. त्यानं आपल्या वाटणीचे भाजून आणले, तिला एक भरवला, एक आपण खाल्ला, एक साचिएच्या नावानं बाजूला ठेवला. फांदीवर अजून बरेच गोळे होते.

चार दिवस बर्फ पडून त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. वळचणीचं बर्फ भिजून जड झालेलं, ते पडून नळी तुंबेल म्हणून इवाओ फावडं घेऊन मागं गेला. अर्धा-पाऊण तास झाला असेल. वळून बघतो तर किकुए तळ्याच्या काठावर बसलेली. मांडीवर पांढरं चिनी मातीचं वाडगं. निवडीचंच. ते कुठनं शोधून काढलं होतं देव जाणे. वाडग्यात लाल-पांढरे गोळे. आणि उन्हानं म्हणा, झऱ्याच्या उबेनं म्हणा, नळीच्या तोंडाशी थोरली वर आलेली, पाण्यात सावकाश तोंड हलवत.

इवाओ धावला. एकोणऐंशीव्या वर्षी बर्फातनं जेवढं धावता येतं तेवढा. त्यानं तिच्या बंडीची बाही पकडली. बाहीच्या पुढं दोन बोटांत गोळा धरलेला.

किकुएनं वर बघितलं.

"अवो," ती म्हणाली. "टोपी कुठं हाय तुमची? कान बघा कसं लाल झाल्यात."

 अवो. शरदापासनं हा शब्द त्यानं ऐकला नव्हता. तिचे डोळे स्वच्छ होते, त्याच्यावर टेकलेले, त्याला ओळखणारे.

"किकुए?" तो म्हणाला.

"आसं काय बघताय भुतावानी? सगळ्यांनी खाल्लं. तुमी खाल्लं, पोरीचं काढून ठिवलं. थोरलीचा वाटा ऱ्हायला का न्हाई? वरीसभर तिला दुखनं आलं तर? सोडा."

त्याला सगळं ठाऊक होतं. चाळीस-पन्नास हिवाळे काढले होते त्यानं या पाण्याशी. चिकट पीठ, गार पोट. नुसतं "नगं" म्हणायचं होतं. आणि नगं म्हटलं असतं तर तिचा चेहरा मिटला असता, त्या जागी पुन्हा ती परकी बाई येऊन बसली असती. बाही ओढली तरी, आवाज चढवला तरी. हेही त्याला ठाऊक होतं.

त्यानं बाही सोडली.

थोरलीनं चार गोळे घेतले. किकुएच्या बोटांतनं, अलगद. मग किकुएनं वाडगं पालथं घातलं आणि म्हणाली, "बस्स झालं. लई खाऊ नये थंडीचं." आणि स्वतःशीच हसली.

नंतर अर्धा तास दोघं वळचणीला बसून होती. तिनं साचिएचा फोन आला का विचारलं. तामोत्सुच्या बायकोचा गुडघा बरा आहे का विचारलं. इवाओची दाढी वाढल्याबद्दल त्याला चार शब्द सुनावले. तो फक्त "व्हय", "न्हाई" म्हणत होता, जास्त बोललं तर काही मोडेल अशा बेतानं. ऊन डोंगरामागं गेलं. किकुए शहारली, उठली आणि त्याच्यापुढं कमरेत वाकून म्हणाली, "पाव्हणं, लई येळ बसलायसा. घरची वाट बघत असतील."

आठवडा गेला. नवव्या दिवशी थोरली बाकीच्यांपासनं वेगळी, कडेला तिरकी उभी दिसली. बाराव्या दिवशी तिचं पोट फुगलं आणि खवली देवदाराच्या फळासारखी उभी राहिली. इवाओनं तामोत्सुला बोलावलं. तामोत्सुनं पाण्यात एकदा बघितलं आणि इवाओकडं वळला.

"काय चारलंस हिला?"

"पिठाचं गोळं."

"जानेवारीत?"

"म्या चारलं."

"तू?" तामोत्सुनं डोक्यावरचा रुमाल काढला. "आरं, सगळं आयुष्य माशात गेलं तुझं. हाटेलात रंगीत मासं ठेवनारा शहरातला खुळा तरी आसं करील का? म्हातारचळ लागला व्हय रं तुला?"

"लागला आसंल."

"आन किकुएवैनी काय करत व्हत्या?"

"घरात व्हती. निजली व्हती."

तामोत्सुनं रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. मग पुढं काही न विचारता ताडपत्रीची झोळी आणायला गेला. थोरलीला त्यांनी वर त्याच्या शेडमधल्या टाकीत नेलं, जिथं पाणी तापवता यायचं. खडे मीठ टाकलं. दिवसाला एक अंश, जास्त नाही. पोटातली चूल पेटली तर पेटली.

रोज सकाळी इवाओ किकुएला घेऊन तो चढ चढायचा. तिला हाताला धरून, दोघांच्या पायात गवताचे बूट, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती. तिला घरी एकटं सोडणं शक्य नव्हतं, आणि न्यायचंही जिवावर यायचं. शेडमध्ये ती पालथ्या बादलीवर बसायची आणि टाकीत हात घालून थोरलीच्या गालावरनं बोट फिरवायची.

तिसऱ्या दिवशी ती एकदम ताठ झाली.

"पोट दुखतंय हिचं. कुनी चारलंय हिला."

तामोत्सु मिठाचं पोतं सरळ करत होता. त्याचा हात थांबला.

"म्या चारलं," इवाओ म्हणाला.

किकुएनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी? कुनी सांगितलं तुमास्नी? थंडीत चारत्यात व्हय माशाला? पोटात कुजतंय ते. ल्हान पोरालाबी कळतं हितलं." तिनं हात पाण्यातनं काढला. "दिसायला तर चांगलं शहानं दिसतायसा. ही माझी थोरली हाय, ठाव हाय का? आमचं मालक आलं न् त्येंनी बघितलं तर काय म्हनतील?"

"चुकलं माझं," इवाओ म्हणाला.

"चुकलं म्हनं! गाढव हायसा निव्वळ."

"व्हय."

"बसा तिकडं. हात लावू नगा हिला."

तो तिकडं बसला. तामोत्सुनं मिठाचं पोतं उगाचच दोनदा जागा बदलून ठेवलं. दोघं घरी निघाली तेव्हा त्यानं इवाओच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड दुसरीकडं करून म्हणाला, "तू न्हाई चारलंस. कळलंय मला. पन जाऊ दे."

पाणी चौदा अंशांवर आलं. एक दिवस खवली थोडी बसल्यासारखी वाटली. इवाओनं त्या दिवशी साचिएचा फोन पहिल्याच घंटेला उचलला आणि आई बरी आहे, थोरली बरी आहे असं सांगितलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तामोत्सु दारातच उभा दिसला, शेडच्या बाहेर, हातात काही नव्हतं. इवाओनं किकुएला तिथनंच मागं फिरवलं. "आज शेड बंद हाय."  तिला तोपर्यंत आपण कुठं निघालो होतो ते आठवत नव्हतं.

झऱ्यावाल्यांचे मासे गेले की घराशेजारच्या काकी नावाच्या तेंदूसारख्या फळझाडाखाली पुरायचे, ही सासऱ्याच्या वेळेपासूनची रीत. पण झाडाचं नुसतं डोकं बर्फाबाहेर होतं. इवाओनं खणायला घेतलं. जमीन लागेपर्यंत दुपार झाली. तामोत्सु म्हणाला, बर्फात ठेव, मार्चात पुरू. इवाओ म्हणाला, "बर्फ वितळताना दिसंल तिला." आणि खणत राहिला. शेवटी पायाखाली काळी माती आली, बुळबुळीत, उबदार वासाची. ताडपत्रीतनं त्यानं थोरलीला खाली ठेवलं. मेल्यावर लाल रंग फिका पडतो. पण तांदळाएवढी ती खूण अजून दिसत होती.

किकुए त्यानंतर रोज विचारायची, "थोरली?"

"तामोत्सुकडं हाय. उबंत."

"केवा येनार?"

"बर्फ गेलं की."

बर्फ जायला लागलं. मार्च संपत आला. साचिएचा फोन आला की तिनं रविवार ठरवलाय, गाडी घेऊन येते. इवाओनं नाही म्हटलं नाही. म्हणाला, "आधी तळ्यावर कशी करती ते बघू दे मला. मग सांगतो." आणि वर तामोत्सुकडं गेला.

तामोत्सुकडं एक होती. तेवढीच लांब, तसंच पांढरं अंग, पाठीवर तसाच ठसा. नीट बघितलं तर डाग जरासा उजवीकडं झुकलेला, आणि खूण अर्थातच नव्हती.

"घिऊन जा," तामोत्सु म्हणाला. "वैनीस्नी काय कळतंय आता? त्यास्नी नवऱ्यात न् खांबात फरक कळंना झालाय."

आणि बोलल्यावर जीभ चावली.

"खांब निदान बोलत न्हाई," इवाओ म्हणाला. "दे."

रविवारी सकाळी उघडीप होती. काठावर बर्फाच्या काळपट ढिगाऱ्यातनं हिरवे कोंब वर आलेले, म्हणजे दाणे सुरू करायची वेळ. दाराशी किकुएची पिशवी भरून ठेवली होती. दोन बंड्या, पायमोजे, दातांची डबी. ती पिशवी पुन्हा रिकामी करायची का नाही हे आता तळ्यावर ठरायचं होतं. इवाओनं वाशाला टांगलेला डबा उतरवला, किकुएच्या हातात दिला आणि मागं उभा राहिला. 

किकुए वाकली. दोनदा टाळी वाजवली.

नवी वर आली. तामोत्सुनं हातानं खाऊ घालून वाढवलेली, माणसाळलेली. तिनं किकुएच्या तळव्याला तोंड लावलं. किकुएनं दुसरा हात पाण्यात घालून तिच्या पाठीवरनं बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा, लाल डागाच्या मधोमध, काहीतरी चाचपत. मग हात बाहेर काढून बंडीला पुसला.

"ही न्हवं," ती म्हणाली.

इवाओनं काठी भिंतीला टेकवली.

"चांगली हाय. पन ही आमची न्हवं. आमची थोरली गेली." रागानं नाही बोलली ती. नजर लावून पिल्लू उजवीकडं टाकताना जशी बोलायची तशी, नुसतं झालं ते सांगत. मग तिनं वळून त्याला जवळ बोलावलं. "पाव्हणं, जरा हिकडं या. तुमी भलं मानूस दिसतायसा. एक काम करा माझं."

"बोला की."

"आमचं मालक यायचं हायेत. त्यास्नी ह्यातलं काय सांगू नगा. ही नवी बघून त्यास्नी काय कळायचं न्हाई, त्येंची नजर बेताचीच हाय." ती जरा हसली. "त्येंनी टाकून दिली व्हती तिला, ल्हान आसताना. म्या काढली. तवापासनं लई जीव लावला त्येंनी तिला, बोलत न्हाईत पन. मेली म्हनून कळलं तर हाय खातील. आन त्यास्नी कुनाम्होरं रडताबी येत न्हाई. न्हाई ना सांगनार?"

"न्हाई सांगत," इवाओ म्हणाला.

"शपथ?"

"शपथ."

खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला. साचिएची असावी, त्या रस्त्याला त्या वेळी दुसरं कोण येतंय. इवाओनं किकुएच्या हातातला डबा घेतला, झाकण लावलं, ते लागेना, पुन्हा लावलं. मग डबा तिथंच दगडावर ठेवला.

"मी जरा फावडं बघून येतो," तो म्हणाला.

छपरावरचं सगळं बर्फ वितळून गेलेलं. फावड्याचं आता नोव्हेंबरापर्यंत काम नव्हतं. तो खोपटाच्या दिशेनं चालू लागला, भराभर, काठी न घेता. मागं किकुए तळ्याशी बसून होती, त्या परक्या माशाकडं बघत. तो कोपऱ्यावर पोचला आणि त्याला तिचा आवाज ऐकू आला, पाण्याकडंच तोंड करून दिलेला.

"सावकाश बघा."